मर्लचं पहिलं विधेयक

ओक्लाहोमा सिटी
रविवार, २ जानेवारी १९८३

प्रिय ओपलताई,

सुखरूप पोहोचलो. वुडवर्डपर्यंत रस्ता कोरडा होता, पुढे वारा आडवा. पिकअपचा उजवा वायपर फाटका आहे हे तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही, ते इथे कबूल करतो आणि विषय संपवतो.

खोली विधानभवनापासून चालत जाण्याइतकी जवळ. घरमालकीण बाई विधवा आहेत, कॉफी पातळ करतात. शपथविधी मंगळवारी. माझी खुर्ची सभागृहात शेवटच्या रांगेत आहे. काल जाऊन बसून पाहिली. करकर वाजत होती, तेव्हा पिकअपमधून तेलाची बुधली आणून दोन थेंब सोडले. दारावरची बाई माझ्याकडे बघत राहिली. शेजारच्या खुर्चीवर आयव्हन पेटिग्रू नावाचे वयस्क गृहस्थ आहेत, भुईमूग पिकवतात, सोळा वर्षं निवडून येताहेत. मला म्हणाले, "चांगलं केलंस. तुझ्या आधीचा माणूस आठ वर्षं त्या करकरीवर बसला आणि दर वर्षी तक्रार लिहीत राहिला."

प्रेअरी बेलच्या साप्ताहिकाने माझे अग्रक्रम मागवले होते, ते पाठवले आहेत. छापून येतीलच, पण तुला चष्मा सापडेपर्यंत अधिवेशन संपेल, म्हणून इथे लिहितो. नवा कर नाही. तेलाचे भाव पडून तिजोरी आटली म्हणून लोकांच्या खिशात हात घालायचा नाही. सरकारी नोकरभरती दोन वर्षं बंद. शेतकऱ्याच्या विहिरीला सरकारी मीटर लावू द्यायचा नाही. आणि कोणत्याही खात्याने काढलेला नियम सभागृहाने ओळ न् ओळ वाचल्याशिवाय लागू व्हायचा नाही. एवढे चारच. ज्या माणसाचे अग्रक्रम चौदा, त्याला अग्रक्रमच नाही.

मी आठवीतून शाळा सोडून बोअरच्या गाडीवर बसलो हे इथे सगळ्यांना आधीच कळलेलं दिसतं. हरकत नाही. राज्याच्या कायद्यांचे सगळे खंड मी पवनचक्क्या दुरुस्त करता करता वाचून काढले. इथल्या तीन वकिलांना विचारलं, एकानेही वाचलेले नाहीत.

हर्शेलदाजींना नमस्कार. गोळ्या वेळेवर घेतात ना?

तुझा,
मर्ल

*

प्रेअरी बेल
शनिवार, ८ जानेवारी

आमदारसाहेबांस,

तुमचे चार अग्रक्रम आले. हर्शेलने न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवले. मीटरच्या मुद्द्यावर टाळ्या पडल्या. मग न्हावीच म्हणाला, "ॲम्ब्युलन्सचं कुठे आहे?" हर्शेलने कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे ट्रॅक्टरची जाहिरात होती.

तेव्हा मीही विचारते, मर्ल. ॲम्ब्युलन्सचं कुठे आहे?

तुला माहीत नाही असं नाही, पण तू विसरलास असं धरून सांगते. गेल्या वर्षी नियम झाला की गाडी निघाली की तिच्यात प्रथमोपचाराची सरकारी परीक्षा पास झालेली दोन माणसं हवीत. एक जुलैपासून. आपल्या अख्ख्या तालुक्यात तसं एकच माणूस आहे, नॅडीन कोल्टर. मी गाडी चालवते, मला परीक्षा नाही. परीक्षेचा वर्ग दोनशे मैलांवर, आठवड्यातून दोन संध्याकाळी, चार महिने. गव्हाच्या आणि गुरांच्या माणसांत असा कोण मोकळा आहे? आम्ही तिघांना विचारलं. एकाने मान डोलावली, तोही आता डॅलसला नोकरीला गेला. म्हणजे एक जुलैला आमची गाडी शेडमध्ये उभी राहणार आणि तिच्यावर कोंबड्या बसणार.

दोन वर्षांपूर्वी हर्शेलच्या छातीत कळ आली तेव्हा मागे नॅडीन होती आणि पुढे मी. दोघीच. नियमाप्रमाणे तो गुन्हा ठरला असता आणि मी आज विधवा असते, पातळ कॉफी करणारी.

तू निवडणुकीची सभा आमच्याच शेडमध्ये घेतलीस. खिमा-राजम्याची चिली दोन वाट्या खाल्लीस. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घेतलास. फोटोत गाडी आहे, अग्रक्रमांत नाही. असं का?

ओपल

ता.क. नियमांच्या चौथ्या मुद्द्यात ते येतं असं लिहू नकोस. छातीतली कळ चौथ्या मुद्द्याची वाट बघत नाही.

*

ओक्लाहोमा सिटी
शनिवार, १५ जानेवारी

प्रिय ताई,

मी विसरलो नव्हतो. मुद्दाम घेतलं नव्हतं. आता कारण ऐक.

मी अपवादाच्या विरुद्ध आहे. कायदा एक तर सगळ्यांना असावा, नाही तर नसावा. एका गावाला सूट दिली की शेजारचं गाव हात पसरतं, मग त्याच्या शेजारचं, आणि शेवटी कायदा म्हणजे नुसत्या भोकांची चाळण उरते. हे मी सहा तालुक्यांत सांगत फिरलो. आणि आता पहिलीच सूट मागायची ती कुणासाठी? जिथे माझी सख्खी बहीण गाडी चालवते त्या गावासाठी! लोक काय म्हणतील ते तू सांगायला नको.

हे लिहून पाकीट बंद केलं होतं. मग पेटिग्रूंना सहज सांगितलं. ते शेंगा सोलत होते. म्हणाले, "तुझ्या बहिणीला पगार किती मिळतो?" म्हटलं, काही नाही, फुकट चालवते, पेट्रोलही कधी कधी स्वतःचं घालते. त्यावर ते म्हणाले, "मग तिचा फायदा नेमका कुठल्या खिशात शोधायचा?" आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

पाकीट फोडलं. रात्रभर नव्हे, पण जेवणाआधीचा सगळा वेळ विचार केला. सूट मागायची नाही, माप मागायचं. जिथे सगळ्यात जवळचं रुग्णालय चाळीस मैलांपलीकडे असेल आणि तालुक्याची वस्ती ठरावीक आकड्याखाली असेल, तिथे मागे एक शिकलेला माणूस आणि पुढे परवानाधारक चालक, एवढं पुरे. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. ज्याला हे माप बसेल त्याला कायदा लागू. हा अपवाद नव्हे. जमिनीत पाणी खोल असेल तिथे दोर लांब लागतो, इतकं साधं आहे.

हे आता पहिल्या क्रमांकावर आहे. साप्ताहिकाला सुधारित यादी पाठवली. तू तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीपासून रुग्णालयापर्यंतची अंतरं गाडीच्या मीटरवर मोजून पाठव. नकाशावरची नकोत. नकाशा सरळ रेषेत उडणाऱ्या कावळ्यासाठी असतो.

एक गोष्ट मात्र मला लागली. पेटिग्रू म्हणाले, "हे विधेयक चांगलं आहे. पण पहिलं म्हणून आणू नकोस. पहिलं काहीतरी बारकं आण. एखाद्या रानफुलाला राज्याचं रानफूल कर. मग हे आण." का, म्हणून विचारलं तर हसले आणि विषय बदलला. दारावरच्या लुएलाबाईंना विचारलं, त्याही हसल्या. सभागृहाचे कारकूनही हसले. मी काय समजायचं ते समजलो. आठवी शिकलेल्या बोअरवाल्याने फुलांचं बघावं, गंभीर गोष्टी वकिलांवर सोडाव्यात. बरं. मी आयुष्यात कुणाकडे पाहुणा म्हणून गेलो तरी आधी त्याची बिघडलेली पवनचक्की बघतो, मग बागेकडे जातो. पहिलं काम ते पहिलं.

तुझा,
मर्ल

*

प्रेअरी बेल
सोमवार, २४ जानेवारी

प्रिय मर्ल,

अंतरं वेगळ्या कागदावर आहेत. हर्शेल शेजारी बसून लिहीत होता, मी चालवत होते. सगळ्यात लांब बीव्हर्सचं घर, तिथून ॲमरिलोचं रुग्णालय एकशे चार मैल. राज्याची हद्द ओलांडून टेक्सासात जावं लागतं आणि तरीही तेच जवळचं, हेही लिही. नकाशात आपलं राज्य दांडीच्या कढईसारखं दिसतं आणि आपण तिच्या दांडीवर राहतो. कढईतल्या लोकांना दांडी आठवते ती चटका बसल्यावर.

काल काय झालं ते सांगते, म्हणजे तुला सभागृहात सांगता येईल. रेव्हरंड व्हीलर प्रवचनाच्या मधोमध थांबले. बायबलातल्या गोष्टीतला योना माशाच्या पोटात गेला होता आणि तिथेच राहिला. आम्हाला वाटलं, मुद्दाम थांबलेत. मग ते मंचाला धरून हळूहळू खाली बसले. तोंडाची एक बाजू ओघळली होती. नॅडीन तिसऱ्या बाकावर होती, मी पाचव्या. स्ट्रेचर आणेपर्यंत तिने त्यांना कुशीवर वळवलं होतं. बाहेर गोठता पाऊस. ॲमरिलोपर्यंत मी पन्नासाच्या वर गेले नाही. मागे रेव्हरंड बोबड्या जिभेने प्रवचन पुढे नेत होते, योनाला बाहेर काढल्याशिवाय त्यांना चैन पडेना. शेवटी नॅडीनने ऑक्सिजनचा मुखवटा लावला आणि म्हणाली, "मासा पोहतोय अजून. तुम्ही श्वास घ्या."

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जीभ परत येतेय. नर्सला बायबल मागितलं म्हणे, म्हणजे बरे होणार.

ही फेरी एक जुलैनंतर झाली असती तर मी आणि नॅडीन बाकावर बसून नुसती प्रार्थना केली असती. मी प्रार्थनेविरुद्ध नाही. पण प्रार्थनेला चाकं नसतात.

आता तुझ्या रागाबद्दल. त्या म्हाताऱ्याने तुला पगाराचा प्रश्न विचारला तेव्हा तो शहाणा होता, आणि फुलाचं सांगितलं तेव्हा तुझा अपमान केला, असं एकाच माणसाचं कसं होईल? कारण न सांगता म्हातारे जे सांगतात त्यात बहुतेक वेळा कारण असतं. आण की एखादं फूल. दोन दिवस जातील.

ओपल

*

ओक्लाहोमा सिटी
शुक्रवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी अंतरं मी तक्ता करून समितीपुढे ठेवली. रेव्हरंडांचंही सांगितलं, योना वगळून. समितीने एकही शब्द न बदलता विधेयक पुढे पाठवलं. बुधवारी, नऊ तारखेला, ते सभागृहात येईल. माझं पहिलं भाषण, पहिलं विधेयक.

फूल आणणार नाही. पेटिग्रूंनी परवा पुन्हा सुचवलं. मी म्हणालो, "माझ्या तालुक्यात फुलं नाहीत, निवडुंग आहे." ते म्हणाले, "मग निवडुंग आण." मी गेलो नाही त्या वाटेला.

कोणताही प्रश्न आला तर उत्तर तयार आहे. कुठल्या गाडीत किती ऑक्सिजन मावतो इथपासून ते शेजारच्या चार राज्यांत काय नियम आहे इथपर्यंत.

निकाल फोनवर विचारू नकोस. तुझ्या सामायिक लाइनीवर आठ घरं कान लावून असतात आणि निकालाआधीच मिसेस बीव्हर्स तो सगळीकडे सांगतील. त्याच दिवशी पत्र टाकीन. शनिवारी तुला मिळेल. तुमच्या ॲम्ब्युलन्स मंडळाची बैठक चौदा तारखेला आहे ना? त्याआधी कळेल.

मर्ल

*

ओक्लाहोमा सिटी
बुधवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

विधेयक पडलं. बाजूने ........, विरोधात ........ .

मी माझ्याकडून कसूर केली नाही. माप बरोबर होतं, अंतरं बरोबर होती, भाषा बरोबर होती. सभागृहाला पटलं नाही. सभागृह सार्वभौम आहे आणि त्याचा निर्णय मी मानतो. तक्रार नाही.

आता करायचं ते असं. नॅडीनला तू स्वतः सांग, दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. सोमवारच्या बैठकीत मंडळाने आता उगाच आशेवर बसू नये. पलीकडच्या टेक्सासच्या तालुक्याला गाडी हवी होती, त्यांना ती उन्हाळ्याआधी द्यावी. निदान ती धावती तरी राहील, आणि हद्दीपलीकडून का होईना, तुमच्याकडे कुणी येईल. हर्शेलदाजींचं म्हणशील तर तुम्ही दोघांनी ॲमरिलोत खोली बघावी असं मला वाटतं. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिणं माझं काम आहे.

मी पुन्हा उभा राहणार नाही. बोअरच्या गाडीवर जास्त उपयोगाचा आहे.

तुझा भाऊ,
मर्ल

*

(पाकिटावर: हे आधी उघड. दुसरं आलं असेल तर फाड.)

ओक्लाहोमा सिटी
बुधवार, ९ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

आधीचं पत्र खोटं आहे. म्हणजे मी खोटं लिहिलं नाही, पण ते घडलंच नाही. विधेयक मंजूर झालं. बाजूने शहाण्णव, विरोधात एक. तो एक माणूस सगळ्यालाच विरोध करतो. मला आवडतो तो.

कसं झालं ते क्रमाने सांगतो.

काल मी दोन पत्रं लिहून ठेवली. एक जिंकल्याचं, एक हरल्याचं. मनात आलं, हरल्यावर हात स्थिर राहील न राहील, आणि रागात माणूस नको ते लिहितो. आकडे तेवढे मागाहून भरायचे. दोन्ही पाकिटांवर तिकिटं लावून कोटाच्या दोन खिशांत ठेवली.

आज अकराला माझं नाव पुकारलं. मी बोललो. मग प्रश्न सुरू झाले. पहिला उठला तो टल्साचा वकील. म्हणाला, "चाळीस मैल हे मोटारीने की खेचराने?" मी म्हणालो, मोटारीने, गाडीच्या मीटरवर मोजलेले. दुसरा म्हणाला, "रुग्ण डेमोक्रॅट पक्षाचा असेल तर?" तिसऱ्याने विचारलं, ॲम्ब्युलन्सचा भोंगा कोणत्या सुरात वाजतो. चौथ्याने विचारलं, गुरांनाही ही सोय आहे का. लोक खदखदून हसत होते. माझे कान तापले, पण प्रश्न तो प्रश्न. मी एकेकाला उत्तर दिलं. भोंग्याचं नक्की सांगता येणार नाही, पण प्रेअरी बेलच्या गाडीचा गेल्या थंडीत तडकला आणि माझी बहीण खिडकीतून हात काढून पितळी घंटा वाजवत जायची, हे सांगितलं. गुरांबद्दल म्हणालो, नाही, पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याला त्या गाडीतून नेलं तेव्हा मागे एकच बाई त्याची छाती दाबत होती, अठ्ठ्याऐंशी मैल, आणि त्या दिवसापासून ती उजवा हात पूर्ण उचलू शकत नाही.

तेव्हापासून हसू जरा कमी झालं. प्रश्न थांबले नाहीत, पण आवाज खाली आले. मग सभापतींनी मतदान पुकारलं.

समोरच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढे दिवा लागतो. हिरवा म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरुद्ध. माझ्या नावापुढे हिरवा लागला. आणि मग बाकी सगळी भिंत लाल झाली. वरून खालपर्यंत. पेटिग्रूंचाही लाल. अख्ख्या भिंतीवर एक हिरवा ठिपका, माझा.

मी हॅट उचलली. कुणाकडे पाहिलं नाही. दारातून बाहेर पडलो, जिन्याजवळ टपालपेटी आहे, डाव्या खिशातलं पाकीट काढून टाकलं. आकडे भरायचे भानही राहिलं नाही. वाटलं, निदान एवढं तरी वेळेवर होऊ दे.

तेवढ्यात मागून लुएलाबाई धावत आल्या. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे, धावताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "अहो वेडे आहात का? परत चला. ते दिवे बदलायची वाट बघताहेत."

आत गेलो तर अख्खं सभागृह उभं. भिंत हिरवी. टाळ्या. इथला रिवाज आहे, ताई. नव्या माणसाच्या पहिल्या विधेयकाची यथेच्छ टर उडवायची, सगळ्यांनी लाल दाबायचा, त्याचा चेहरा पडेपर्यंत थांबायचं, आणि मग सगळ्यांनी हिरवा. आधी सांगायचं नाही, हाही रिवाजच. पेटिग्रू फुलाचं म्हणत होते ते एवढ्यासाठी, की टर फुलाची उडावी, हृदयविकाराची उडू नये. मला म्हणाले, "चाळीस नवे आमदार पाहिले. टरीतून उठून घरी निघालेला तूच पहिला." टल्साचा वकील येऊन हात हातात घेऊन म्हणाला, "घंटेचं मला सांगायला नको होतंस. लाल दाबताना लाज वाटली."

आता ते पाकीट. पेटीत हात घालून पाहिला, कोपरापर्यंत गेला, पुढे नाही. खालच्या टपाल कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसाला सगळं सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, पाकिटाचा रंग, तिकीट, माझं अक्षर, सगळं वर्णन केलं. तो म्हणाला, "साहेब, पेटीत पडलं की ते ज्याच्या नावचं आहे त्याचं झालं. नियम आहे." मी म्हणालो, "एकदाच. अपवाद म्हणून." आणि माझेच शब्द माझ्या कानावर आले. त्याने मान हलवली. खरं सांगतो, मला त्याचा आदर वाटला. रागही आला, पण आदर वाटला.

मग तुझ्याकडे फोन लावला. आठ घरांनी ऐकलं तरी चालेल म्हटलं. ऑपरेटर म्हणाली, दांडीकडच्या तारा बर्फाने तुटल्यात, आठवडाभर काही नाही. शेरीफच्या कचेरीतही तेच. या खटपटीत पाच वाजले आणि टपालाची गाडी गेली. हे पत्र उद्याच्या गाडीने येईल. बैठक सोमवारी. ताई, गाडी देऊन टाकू नका.

मर्ल

*

प्रेअरी बेल
मंगळवार, १५ फेब्रुवारी

प्रिय मर्ल,

तुझं दुसरं पत्र आज दुपारी आलं. टपालवाला बर्फातून चालत आला, मी त्याला सूप पाजलं.

पहिलं शनिवारी आलं होतं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. हर्शेलला दाखवलं नाही. बाहेर शेडमध्ये गेले, गाडीत चालकाच्या जागी बसले. खोटं सांगत नाही, पाच-दहा मिनिटं मला वाटलं की संपलं, आणि रात्री-अपरात्री उठणंही संपलं. मग बीव्हर्सचा रस्ता डोळ्यांसमोर आला आणि ते वाटणं तिथेच राहिलं.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते ठिपके दिसले. बाजूने ठिपके, विरोधात ठिपके.

मर्ल, आईच्या अंत्यविधीहून आपण परत आल्यावर तू मला किती माणसं आली आणि त्यांतली किती उशिरा आली ते सांगितलंस. जत्रेत तुझी कोंबडी हरली तेव्हा कुणाला किती गुण मिळाले ते अजून सांगतोस. तू हरला असतास तर त्या भिंतीवरचा प्रत्येक लाल दिवा कुणाचा, हे मला पानभर लिहिलं असतंस. ठिपके सोडून सही केली असतीस? हा माणूस निकाल पाहण्याआधी लिहून बसलाय, एवढं मला कळलं. पुढे काय झालं ते कळलं नाही, पण हरला हे मी मानायला तयार नव्हते.

काल बैठकीत नॅडीनने विचारलं, मर्लचं पत्र आलं का. मी म्हणाले, आलं. काय लिहिलंय? मी म्हणाले, अजून लिहून पूर्ण व्हायचंय. मिसेस बीव्हर्सने दोनदा माझ्या पर्सकडे बघितलं. टेक्सासच्या तालुक्याचा माणूस गाडी बघायला आला होता, टायरला लाथ मारून झाली होती त्याची. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी ठरवू. तो म्हणाला, नियम तर झालाय. मी म्हटलं, आमच्याकडे नियम थेट राजधानीहून येतो, पोहोचायला वेळ लागतो. मका आणि बीन्स खाऊन तो परत गेला.

आज तुझं पत्र मी न्हाव्याच्या दुकानात पाठवलं. वाचून झाल्यावर हर्शेल हॅट डोळ्यांवर ओढून बराच वेळ बसला होता म्हणे. घरी आल्यावर मला म्हणाला, "तुझा भाऊ जिंकल्यावर पळून गेला." मी म्हटलं, लहानपणापासून तसाच आहे.

आता सिनेट. तिथे तरी शेवटपर्यंत बस.

ओपल

*

ओक्लाहोमा सिटी
शुक्रवार, २० मे

प्रिय ताई,

सिनेटमध्ये बसायला मला परवानगी नाही, गॅलरीतून पाहिलं. शेवटपर्यंत. सत्तेचाळीस विरुद्ध शून्य. आज सकाळी गव्हर्नरांनी सही केली. त्यांनी वापरलेलं पेन मला दिलं, ते गळतं. दुरुस्त करतोय.

बाकी चारांपैकी मीटरचं विधेयक मंजूर झालं. भरती एका वर्षासाठी थांबली, दोन मागितली होती. करांचं अजून भांडण चालू आहे. नियम वाचण्याचं समितीत पडलं. पुढच्या वर्षी आणीन.

पोटनिवडणुकीतून एक नवा मुलगा आलाय, गुरांचा डॉक्टर आहे. पहिलं विधेयक काय आणू म्हणून मला विचारत होता. मी म्हणालो, एखादं फूल बघ. का, म्हणून विचारलं त्याने. मी शेंगा सोलत होतो.

मर्ल

*

प्रेअरी बेल
शनिवार, २ जुलै

प्रिय मर्ल,

काल एक जुलै होती. तू विहिरीवर असशील म्हणून फोन केला नाही.

सकाळी सहाला नॅडीन आली. आम्ही दोघींनी गाडी धुतली, काचा पुसल्या, ऑक्सिजनची टाकी तपासली, चादरी बदलल्या. मग शेडच्या दारात दोन खुर्च्या टाकून बसलो. कापणीचे दिवस, तेव्हा कुणाचा हात मशीनमध्ये, कुणाला ऊन, काहीतरी येणारच असं नॅडीन म्हणत होती. रेव्हरंड व्हीलर काठी टेकत आले, अर्धा तास बसले, थोडं बोलले. हर्शेल लिंबूपाणी घेऊन आला आणि वाऱ्याला शिव्या देऊन गेला. मिसेस बीव्हर्सनी दोनदा फोन करून विचारलं की कुणी फोन केला का.

कुणी केला नाही. दिवसभर तालुक्यात कुणी पडलं नाही, कुणी भाजलं नाही, कुणाच्या छातीत दुखलं नाही. काहीही झालं नाही, आणि मी इतकी दमले जणू पाच फेऱ्या केल्या.

सूर्य मावळल्यावर नॅडीन घरी गेली. मी गाडी एकदा रस्त्यापर्यंत नेऊन आणली, इंजिन ऐकायला. मग शेडमध्ये मागे मागे घेत लावली, तोंड रस्त्याकडे करून.

ओपल